मानकोलीच्या बाकावरून दिसणारा इतिहास

दहावीचा विद्यार्थी ज्या घरात असतो, त्या घराची रीत जानेवारीपासूनच बदलते. दूरचित्रवाणी संच मुका होतो, लग्नसमारंभाची आमंत्रणे नाकारली जातात, सणवार आटोपशीर साजरे होतात. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांसाठी शिकवणीवर्ग लावले जातात. इतिहासाच्या वाट्याला मात्र परीक्षेआधीचे दोन दिवस येतात. ‘इतिहासात काय, पाठ केला की झाले,’ हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. ४० गुणांची एक उत्तरपत्रिका, तीही राज्यशास्त्राशी वाटून घेतलेली! टीपा लिहा, सकारण स्पष्ट करा, रिकाम्या जागा भरा, आणि मग ते पुस्तक रद्दीत!

या प्रश्नाकडे आपण गंभीरपणे पाहावे असे आम्हांला वाटते, आणि त्याचे कारण साधे आहे. दहावीनंतर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे जाणारा विद्यार्थी इतिहासाचे पुस्तक पुन्हा हाती धरत नाही. तंत्रनिकेतनात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाणाऱ्याचीही तीच गत. म्हणजे महाराष्ट्रातील बहुसंख्य तरुणांच्या आयुष्यात नववी आणि दहावी ही इतिहासाच्या शिस्तबद्ध अभ्यासाची अखेरची दोन वर्षे होत. पुढे हेच तरुण मतदार होतात, आईवडील होतात, गावचे पंच होतात. इतिहास मात्र त्यांच्या आयुष्यातून जात नाही. तो मिरवणुकीतून येतो, निवडणुकीच्या भाषणातून येतो, चित्रपटातून येतो, आणि आता तर हातातल्या भ्रमणध्वनीवर दिवसातून दहा वेळा येतो. त्यातले खरे कोणते, अर्धवट कोणते आणि विखारी कोणते, हे पारखण्याची विद्या त्यांना मिळाली असेल तर ती पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मिळालेली असते. नसेल तर पुढे ती क्वचितच मिळते.

हा विचार हवेत राहू नये म्हणून आम्ही एक गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील मानकोली. मुंबई–नाशिक महामार्गाने ठाणे ओलांडले की लवकरच मानकोलीचा नाका लागतो. एका अंगाला यंत्रमागांची भिवंडी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि तिच्या पलीकडे डोंबिवली. भातशेतीच्या या पट्ट्यात आज दृष्टी जाईल तिथे गोदामे दिसतात. प्रवासी येथून जातात ते वाहतूक कोंडीला बोल लावीत. या गावाला इतिहास असेल, असे त्यांच्या मनातही येत नसावे. म्हणूनच हे गाव आम्हांला उदाहरणादाखल योग्य वाटते. मानकोलीसारख्या गावातील दहावीच्या मुलाला इतिहास कशासाठी शिकवायचा, याचे उत्तर सापडले तर ते वसईच्या, उत्तनच्या किंवा अलिबागच्या मुलालाही लागू पडेल.

प्रथम ही परीक्षा आली कोठून ते पाहू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे ‘मॅट्रिक’ म्हणून घराघरांत पोहोचलेली परीक्षा, घेण्यात आली. त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या दोघांनीही पुढे इतिहासाच्या अभ्यासात मोलाची भर घातली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून वेगळी झाली आणि १९४९ पासून एस. एस. सी. हे नाव रूढ झाले. १९६६ साली राज्याचे परीक्षा मंडळ व १९६७ साली ‘बालभारती’ ही पाठ्यपुस्तकांची संस्था अस्तित्वात आली. पूर्वीची अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून आपल्या तीन पिढ्या या एकाच उंबरठ्यावरून पुढे गेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यापुढे कोणता इतिहास होता? जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते शाळांतून वाचले जाऊ लागले. आपला इतिहास आपल्याच मुलांनी जेत्याच्या लेखणीतून शिकावा, अशी ती परिस्थिती. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने या ग्रंथावर टीका करणारा निबंध पुण्यात वाचला. त्याने डफला शिव्याशाप दिले नाहीत. लेखकाने कोणती साधने पाहिली, कोणती पाहिली नाहीत, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे कुठे धावले, असे प्रश्न त्याने विचारले. पुढे १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गावोगाव हिंडून, जुने वाडे धुंडाळून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी जाऊ पाहणारे कागद वाचवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कार्य केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मराठी इतिहाससंशोधनाचा हा वैभवशाली वारसा पाहिला तर त्याच्या मुळाशी पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारणारा एक तरुण विद्यार्थी दिसतो. पाठांतर करणाऱ्याच्या हातून हे झाले नसते.

या संदर्भात आपल्या ख्रिस्ती बांधवांनी दोन नावे अभिमानाने आठवावीत. डॉ. जर्सन दा कुन्हा हे व्यवसायाने वैद्य. परंतु १८७६ साली त्यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. दुसरे फादर हेन्री हेरास. हे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू १९२२ साली मुंबईस आले आणि सेंट झेवियर महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. १९२६ साली त्यांनी तेथे इतिहास संशोधन संस्था स्थापन केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्याने मूळ साधनापर्यंत पोहोचले पाहिजे, नाणे हातात घेऊन पाहिले पाहिजे, शिलालेखापुढे उभे राहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. एक परदेशी धर्मगुरू भारताच्या इतिहासाच्या इतका आहारी गेला, आणि आपण मात्र तो दोन दिवसांत उरकतो!

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. २०१७ साली नववीचे आणि २०१८ साली दहावीचे ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे नवे पुस्तक आले. ज्यांनी जुन्या अभ्यासक्रमात महायुद्धे, क्रांत्या व स्वातंत्र्यचळवळ यांच्या सनावळ्या पाठ केल्या, त्या पालकांनी ही पुस्तके एकदा उघडून पाहावीत. नववीचा इतिहास १९६० नंतरच्या भारताचा आहे. आर्थिक विकास, शिक्षणाची वाटचाल, महिला व दुर्बल घटकांचे सक्षमीकरण, उद्योग व व्यापार, बदलते जीवन असे त्याचे विषय आहेत. दहावीचे पुस्तक त्याहून वेगळे. त्याचा आरंभच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांनी होतो. हिरोडोटस, व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स ही नावे येतात. मग कल्हणाची राजतरंगिणी, बखरी, राजवाडे, दामोदर कोसंबी, ताराबाई शिंदे येतात. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि अखेरीस ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. इतिहास म्हणजे काय घडले एवढेच नव्हे, तर जे घडले ते आपणांस कसे कळते, हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याचे धैर्य या पुस्तकाने दाखवले.

२०१७ साली सातवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या इतिहासाला अधिक जागा देण्यासाठी मोगलकाळ संक्षिप्त झाला, यावर वर्तमानपत्रांतून बराच वाद झाला. कोणते शिकवायचे व कोणते वगळायचे, हा वाद पुढेही होत राहील. शासने बदलतील, पुस्तकेही बदलतील. परंतु साधने तपासण्याची रीत एकदा अंगवळणी पडली की पुस्तक कोणतेही येवो, विद्यार्थी त्याचा गुलाम होत नाही. दुर्दैवाने व्यवहारात काय होते? रांके कोण, याचे उत्तरही ‘अपेक्षित’ प्रश्नसंचातून पाठ केले जाते. ‘मूळ साधने तपासावीत’ हे वाक्य लिहून गुण मिळवणाऱ्या मुलाने एकही मूळ साधन पाहिलेले नसते. पोहण्याचे नियम तोंडपाठ, पण पाय कधी पाण्यात बुडवलेला नाही, असा हा प्रकार आहे.

पाणी मात्र दाराशीच आहे. मानकोलीच्या बाकावर बसलेल्या मुलाने डोळे उघडून चहूकडे पाहिले तर त्याला काय दिसेल? उल्हास नदीच्या काठचे कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. पश्चिमेला सोपारा, तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उकरून काढला आणि त्याच वर्षी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. भिवंडी तालुक्यातच लोनाड येथे बौद्ध लेणी आहेत आणि शिलाहारकालीन शिवमंदिरही आहे. एका ठिकाणी बुद्ध आणि महादेव असे शेजारी नांदलेले.

आपल्या श्रद्धेचा इतिहासही या खाडीकाठी पोर्तुगिजांच्या फार पूर्वी येऊन गेला आहे. सहाव्या शतकातील कोस्मास इंडिकोप्ल्युस्तस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आणि तसे मुलांना सांगणे हेच योग्य, कारण अभिमानापोटी मतभेद लपवणे ही इतिहासाशी केलेली प्रतारणा ठरते. एप्रिल १३२१ मधील घटनेविषयी मात्र समकालीन साक्ष आहे. तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती फ्रान्सिस्कन पंथीय ठाण्यात हुतात्मे झाले. त्यांच्यासह आलेले डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि या घटनेविषयी पत्रे लिहिली. काही काळाने ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. मानकोलीहून ठाणे किती दूर? खाडी ओलांडली की झाले. तरीही आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील किती मुलांना हे ठाऊक आहे?

पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथील खाडीत मराठ्यांच्या आरमाराचा पाया घातला गेला. या आरंभाची माहिती देणारी एक महत्त्वाची साक्ष कोणाची आहे? पोर्तुगिजांची! महाराजांची गलबते बांधण्याच्या कामी पोर्तुगीज कारागीर लागले होते, आणि वसईच्या अधिकाऱ्यांनी त्यांना तेथून फोडले, हे पोर्तुगीज कागदपत्रांवरून कळते. गोव्याचे थोर संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून असे कागद अभ्यासकांपुढे आणले. मराठ्यांच्या पराक्रमाची साक्ष त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या भाषेत जपून राहिलेली असावी, यातून मुलाने एक मोठा धडा घ्यावयाचा आहे. आपला इतिहास केवळ आपल्याजवळ नसतो. त्याचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या पेटीत असतो.

येथे आम्ही या लेखाच्या मर्मापाशी येतो. मानकोलीच्या अगदी शेजारी अंजूर गाव आहे. अंजूरचे गंगाजी नाईक हे वसईच्या मोहिमेतील एक प्रमुख नाव. उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमलाखालच्या हिंदू रयतेची दुःखे त्यांनी पेशव्यांच्या कानी घातली, मोहिमेची सिद्धता करण्यात पुढाकार घेतला. १७३७ साली ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. १५३४ च्या तहाने वसईत बसलेली पोर्तुगीज सत्ता दोन शतकांनी संपली. भिवंडी तालुक्यातीलच वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या नवसाशी जोडले जाते.

आता अशी कल्पना करावी की एकाच बाकावर दोन मुले बसली आहेत. एक अंजूरच्या बाजूचा, दुसरा नोकरीनिमित्त इकडे आलेल्या वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातला. पहिल्याला १७३९ हे मुक्तीचे वर्ष वाटते. दुसऱ्याच्या घरी त्याच वर्षाची आठवण वेगळी आहे: धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले, देवळे मोडली. वसईच्या मंदिरांतील मोठमोठ्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहावयास मिळतात. मानकोलीवरून जाणाऱ्या याच महामार्गाने सहलीची बस नाशिकला जाते. एक मुलगा ती घंटा पाहून पूर्वजांचा जयजयकार करतो. दुसऱ्याला तिच्यात हरवलेल्या मिस्सेची हाक ऐकू येते. घंटा एकच आहे, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

शिक्षकाने येथे काय करावे? आणि त्याहून महत्त्वाचे, आपण आईवडिलांनी काय करावे? सोपा मार्ग दोन आहेत. एक म्हणजे आपल्या मुलाला ‘तो इतिहास त्यांचा, आपला नव्हे’ असे सांगून गप्प बसवणे. दुसरा म्हणजे पोर्तुगीज अंमल हा सुवर्णकाळ होता अशी गोड समजूत घालणे. दोन्ही मार्ग अप्रामाणिक आहेत. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, धर्मन्यायपीठ चालू होते. हिंदूंच्या सार्वजनिक पूजाअर्चेवर निर्बंध होते, अनाथ मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे कायदे होते, मंदिरे पाडली गेली होती. हे पोर्तुगीज कागदांतूनच सिद्ध होते. ते आपल्या मुलाने आपल्या घरी, आपल्या तोंडून ऐकले पाहिजे. बाहेर कोणी हिणवून सांगण्याआधी ऐकले पाहिजे. ख्रिस्तसभेनेही २००० सालच्या ज्युबिली वर्षात, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मुखाने, आपल्या लेकरांच्या गत अपराधांबद्दल जाहीरपणे परमेश्वराची क्षमा मागितली आहे. पोपमहोदयांना जे लाजिरवाणे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

त्याचबरोबर त्या अंजूरच्या मुलानेही काही ऐकले पाहिजे. वसईच्या शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा मागण्यात आली आणि ती देण्यात आली. पोर्तुगीज गेले; परंतु कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी ख्रिस्ती कोठेही गेले नाहीत, कारण ते कोठून आलेलेच नव्हते. हीच त्यांची माती होती, हीच बोली, हीच भातशेती. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी त्यांची श्रद्धा सांभाळली. मराठी मुलखात मराठी बोलत, मराठ्यांच्या राज्याचे प्रजाजन म्हणून ते राहिले. ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगिजांचा अवशेष, ही समजूत या एका वस्तुस्थितीने ढासळते. बखरी आणि पोर्तुगीज अहवाल, दोन्ही समोर ठेवून दोन मुलांनी एकत्र उत्तर लिहिले तर त्यांना जे गवसेल ते कोणत्याही प्रश्नसंचात छापलेले नाही. २०२० सालच्या बारावीच्या पुस्तकात वसाहतवाद आणि मराठे असा विषय आहे. पण बारावीपर्यंत इतिहास घेणारे किती? ही कसोटी दहावीतच लागावयास हवी.

हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. भिवंडीने त्याची किंमत मोजली आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने भिवंडीत भीषण दंगल उसळली. तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची प्रदीर्घ चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा माणसे मेली, माग जळाले, हातावर पोट असलेली कुटुंबे उघड्यावर आली. ज्या राजाने कल्याण-भिवंडीच्या खाडीत सर्व जातिधर्मांच्या माणसांना हाताशी धरून आरमार उभे केले, त्याच्या जयंतीला त्याच गावात हे घडावे! इतिहास अर्धवट कळला की तो कसा शस्त्र होतो, याचे याहून विदारक उदाहरण आम्हांला सापडत नाही.

पण याच शहराची दुसरी गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीच्या वस्त्यावस्त्यांतून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे, मागवाले, दुकानदार, शिक्षक, नियमाने एकत्र बसू लागली. अफवा आली की एकमेकांना विचारू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. या समित्यांनी केले ते काय? ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी साक्षीदाराला विचारले. म्हणजे दहावीच्या पुस्तकातील पहिल्या प्रकरणाचा धडा त्यांनी रस्त्यावर गिरवला, आणि त्याने माणसांचे जीव वाचले.

इतिहासाला इतका दूरचा काळही लागत नाही. मानकोलीच्या शेतांची गोदामे का झाली, हा नववीच्या ‘उद्योग व व्यापार’ या प्रकरणाचा जिवंत गृहपाठ आहे. मुंबईत माल नेताना जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी माल महानगराच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत साठवला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात संपली. पण गोदामे गेली नाहीत, कारण तोवर घरपोच मालाचा नवा व्यापार येऊन पोहोचला होता. कोणी जमीन विकली, कोणी भाड्याने दिली, कोणी त्याच जमिनीवर रखवालदार झाला. आजोबांना विचारावे, जुना सातबारा पाहावा, आणि दोन पाने लिहावीत. कोणत्या दिल्लीच्या तख्ताचा इतिहास याहून अधिक जवळचा आहे?

आपल्या धर्मग्रामांनी या कामी काय करावे, याविषयी थोडे सांगून हा लेख पुरा करतो. आपल्याजवळ असे एक साधन आहे जे फार थोड्या समाजांपाशी असते, ते म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या या नोंदींत सामान्य माणसाचे नाव आहे. राजाचे नव्हे, सरदाराचे नव्हे, तर आपल्या पणजीचे आहे. तिचे आईवडील कोण, धर्ममातापिता कोण, गाव कोणते, हे तेथे कळते. एखाद्या वर्षी मृत्यूंची पाने एकाएकी वाढलेली दिसली तर साथीचा माग लागतो. कोठे लिपी रोमन आणि भाषा पोर्तुगीज, कोठे लॅटिन, कोठे इंग्रजी. भाषा बदलली की राज्य बदलल्याची खूण मिळते. या वह्या जपून हाताळाव्यात, धर्मगुरूंच्या अनुमतीने आणि देखरेखीखाली पाहाव्यात, खासगी बाबींची मर्यादा राखावी. त्याशिवाय वेशीवरचे जुने क्रूस व त्यांवर कोरलेली साले, दफनभूमीतील पाट्या, लग्नात म्हाताऱ्या बायका गातात ती गीते, घरातील जुनी खरेदीखते, ही सारी साधनेच आहेत. दहावीच्या पुस्तकातील ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हे अखेरचे प्रकरण आपल्या अंगणातच सुरू होते.

मार्चमध्ये परीक्षा संपते आणि अकरावीचे वर्ग बऱ्याच अवधीने भरतात. त्या रिकाम्या आठवड्यांत प्रत्येक धर्मग्रामातील चार-पाच मुलांनी एक वही घालावी. त्यात पाच वयोवृद्धांच्या मुलाखती लिहाव्यात. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि दिनांक यांसह. एका क्रूसाचा किंवा एका विहिरीचा शोध घ्यावा. आणि एक अट आवर्जून पाळावी: पाचपैकी दोन मुलाखती तरी अन्यधर्मीय शेजाऱ्यांच्या असाव्यात. ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असा नम्र प्रश्न विचारावा. शिक्षक, धर्मगुरू आणि पालक यांनी या वह्या एखाद्या रविवारी मिस्सेनंतर सर्वांपुढे वाचून घ्याव्यात. त्यांना गुण मिळणार नाहीत, हे खरे. परंतु पुढे कधी हातातल्या भ्रमणध्वनीवर शेजाऱ्याविषयी काही विष येऊन पडले, तर हीच मुले ते पुढे पाठवण्याआधी थांबतील आणि वहीतला तोच प्रश्न विचारतील. दहावीच्या इतिहासाकडून याहून अधिक आम्ही काही मागत नाही, आणि याहून कमी मागणे आपल्याला परवडणारे नाही.